पंचेचाळीस फुटांवरचा हिरवा

“हिरवं दिसलं म्हंजी पानी जवळ आलं, असं काय नसतंय,” मायाक्का एकदा म्हणाली होती.

प्रतिक्षाने तिला फक्त त्या हिरव्या रंगाचं नाव विचारलं होतं. नव्या रंगाच्या डब्यांवर चिकटवायच्या कागदावर काहीतरी लिहायला हवं होतं. मायाक्काने काचेवर रंग घोटणारा हात न थांबवता हे वाक्य टाकलं. प्रतिक्षाने थोडा वेळ वाट पाहिली आणि कागदावर ‘विहीर’ असं लिहिलं. त्या रंगाला पुढे तेच नाव राहिलं.

जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये प्रतिक्षा चित्रांचे रंग तयार करायची. पाण्यात कालवून लावायचे, हाताने घोटलेले रंग. सकाळी ती एका शाळेत तासिका तत्त्वावर चित्रकला शिकवायला जाई. ती शाळेत असताना मायाक्का शुक्रवार पेठेतून रिक्षाने येई, कमरेच्या पिशवीतली किल्ली काढून दार उघडी आणि डबे ओळीने खाली घेई. गेरू, पिवळी माती, नीळ, लाखेचा लाल, करवंटी जाळून केलेला काळा. चिमूटभर लाजवर्दही होता, मौल्यवान दगडाचा निळा. फार लांबून मागवलेला, म्हणून तो कपाटात कुलपात असायचा. मायाक्का त्याला पाहुणा म्हणे. “पाव्हना आज भायेर येनार का आतच बसनार?” असं ती विचारी तेव्हा प्रतिक्षाला हसू येई. मायाक्का स्वतः हसत नसे.

दोघींची गाठ त्या शाळेतच पडली होती. मायाक्का तिथे पोरांची खिचडी शिजवायला होती. एका दुपारी प्रतिक्षा वर्गाबाहेरच्या कट्ट्यावर बसून गेरूचा खडा दगडावर रगडत होती आणि त्या खरखरीने सगळ्या व्हरांड्याचे दात आंबले होते. मायाक्का पातेलं घासता घासता म्हणाली, “ताई, तुमी त्येला मारताय. घोटायचं असतंय.”

“मावशी, तुम्हाला गेरूतलं कळतं?”

“मेंढराच्या पाठीवर खूण कशानं करतेत मग? कुकवानं?”

पुढच्या महिन्यात तिने खिचडी सोडली.

दगड फोडणं, कुटणं, चाळणं कुणीही करील. खरं काम त्यानंतर सुरू व्हायचं. कुरडईसाठी गहू भिजवून चीक काढतात, तसा मायाक्का दगडाचा चीक काढायची. कुटलेली पूड पातेलंभर पाण्यात ढवळायची. जड कण बुडाला बसेपर्यंत हात बांधून थांबायची. मग वरचं रंगीत पाणी दुसऱ्या पातेल्यात, त्यातलं तिसऱ्यात, त्यातलं चौथ्यात. चौथ्या पातेल्याच्या तळाशी रात्रभरात जे बसेल तेच घ्यायचं. परातीत वाळवून ती चिमूटभर दाताखाली धरायची आणि डोळे मिटायची. कच लागली की पुन्हा पहिल्यापासून.

“मावशी, रंग खायचे नसतात,” प्रतिक्षा म्हणायची.

“मी कुटं खातीय. झालास का म्हणून इचारतीय त्येला.”

मग धावड्याच्या डिंकाचं पाणी, थोडा मध, लवंगेच्या तेलाचा थेंब, आणि जाड काचेवर काचेचाच वरवंटा. गोल, गोल, तास-दीड तास. आधी वाळू तुडवल्यासारखा आवाज येई, मग तो बारीक होत जाई आणि शेवटी नाहीसाच होई. आवाज संपला की रंग तयार. त्या शांततेत मायाक्का क्षणभर हात तसाच ठेवून बसायची. फ्लॅटमध्ये दुसरं कुणी नसायचं. खाली कुणीतरी दुचाकी सुरू करायचं आणि ती दूर जायची.

बाकीचे रंग कुठून ना कुठून मागवता यायचे. हिरवा मागवता येत नव्हता. चार वर्षांपूर्वी प्रतिक्षाने तिला मोबाईलवर कुठल्याशा परदेशातल्या हिरव्या मातीचा फोटो दाखवला. मायाक्काने तो हात लांब करून पाहिला, जवळ घेऊन पाहिला.

“ह्ये आमच्या हिरीत हाय,” ती म्हणाली.

दोन दिवसांनी ती एसटीने गावी गेली आणि दोन गोण्या घेऊन आली. कंडक्टरने विचारलं होतं, आत काय आहे. दगड आहेत, असं तिने सांगितलं तेव्हा त्याला ते खोटं वाटलं होतं.

विहीर बिरुदेवने खणली होती. तिच्या नवऱ्याने. मंगळवेढ्याच्या पलीकडे माळावर त्याची आणि धाकट्या भावाची, गुंडाची, सामाईक जमीन. एका उन्हाळ्यात बिरुदेवने मेंढरं गुंडाच्या हवाली केली आणि पहार घेऊन तो खाली उतरला तो उतरतच गेला. तो तळाशी फोडायचा, मायाक्का वरून दोराने पाटी ओढायची. मूलबाळ नव्हतं. बोलणं होतं ते त्या दोरावरून. एक हिसका म्हणजे ओढ. दोन हिसके म्हणजे थांब.

पंचेचाळीस फुटांवर हिरवा दगड लागला. काळ्या खडकाच्या पोटात भोकंच भोकं, आणि प्रत्येक भोकाला आतून साबणासारखा मऊ हिरवा थर. गाव बघायला लोटला. म्हातारी माणसं म्हणाली, हिरवं लागलं, आता पाणी दोन हातांवर. बिरुदेव रोज संध्याकाळी मुंडाशाच्या सोग्यात एक खडा बांधून वर आणायचा आणि तिच्या हातावर ठेवायचा. त्यानंतर सहा उन्हाळे तो खाली जात राहिला. दोन हात झाले, दहा हात झाले. हिरवं संपलं आणि पुन्हा काळा पाषाण लागला. सत्तर फुटांवर त्याने पहार वर पाठवून दिली. पुन्हा उतरला नाही. पुढच्या वर्षी एका सकाळी तो अंथरुणातून उठलाच नाही. आठ वर्षं झाली. मायाक्का सोलापूरला आली ती त्यानंतर.

शुक्रवार पेठेत शांतम्माच्या घरामागे पत्र्याची एक खोली होती, तिथे ती राहायची. शांतम्मा कन्नडमध्ये बोलायची, मायाक्का मराठीत उत्तर द्यायची. दोघींना एकमेकींचं निम्मं कळायचं आणि तेवढं पुरायचं. रविवार मात्र सरता सरत नसे. प्रतिक्षाने रविवारी सुट्टी ठरवून दिली होती, चांगल्या मनाने. त्या दिवशी मायाक्का धुतलेलं पातेलं पुन्हा धुवायची. भाकरी दोन थापायची आणि एक ठेवून द्यायची. एका रविवारी ती पायी जुळे सोलापूरपर्यंत गेली. इमारतीखाली प्रतिक्षाची गाडी दिसली नाही. वॉचमन म्हणाला, “मावशी, आज कशाला?” “भाजी घ्यायला आल्ते,” ती म्हणाली आणि परत फिरली. तिच्या हातात पिशवीही नव्हती.

दसऱ्याच्या आसपास बंगळुरूच्या एका दुकानाने कळवलं, त्यांना ‘विहीर’ हवा आहे. तीनशे डब्या, आणि आवडल्या तर दरवर्षी तेवढ्याच. प्रतिक्षाने बरणी उघडून पाहिली. तळाशी चमचाभर पूड होती.

“मावशी, बसा जरा,” ती म्हणाली. “हे असंय. गेरू, नीळ, हे सगळेच विकतात. माझ्याकडून कुणी का घेईल? हा एकच रंग दुसरीकडे नाही. हा मिळत राहिला तर मी शाळा सोडून हेच करीन. नाही मिळाला तर मार्चमध्ये सगळं आवरणार. दादा नाशिकला बोलावतोय. तिथे कायमची नोकरी आहे.”

“मंग ह्यो फ्लॅट?”

“सोडायचा. दुसरं काय?”

मायाक्काने कमरेची पिशवी उगाच चाचपली. “ढीग हाय की तिथं,” ती म्हणाली. “हिरीच्या कडंला. डोंगर हाय नुसता. परवा जाऊ.”

फाट्यावर एसटी थांबली तेव्हा ऊन वर आलं होतं. तिथून शेतातली वाट. मायाक्का पुढे चालत होती, प्रतिक्षा रिकाम्या गोण्या काखेत धरून मागे. पायाखाली पक्का रस्ता होता, खडीचा, दाबून बसवलेला. दोन्ही बाजूंना माणसाच्या वर गेलेला मका. मायाक्का एकाएकी थांबली.

“वाट चुकलो का?”

“न्हाय. वाट हीच हाय.”

मका सरला तिथे विहीर होती. ढीग नव्हता. ढिगाची नुसती जागा होती आणि तिच्यावर कडब्याची गंज रचलेली. विहिरीत एक काळा पाइप उतरला होता. प्रतिक्षाने वाकून पाहिलं.

“मावशी, पाणी आहे की.”

मायाक्का कडेला बसली. तिने ही विहीर कधी भरलेली पाहिली नव्हती. तिच्यासाठी ती कायम खोल होती आणि तळाशी एक छोटा माणूस होता, वर तोंड करून उभा. आता काठापासून दोन पुरुष खोलीवर पाणी होतं, हिरवट, न हलणारं. त्यात तिला आभाळ दिसलं आणि आभाळाच्या कडेला तिचं स्वतःचं डोकं. तिने एक खडा उचलला, हातातच धरला आणि खाली ठेवला.

गुंडाच्या घरी तांब्याभर पाणी आलं, मग चहा. गुंडा आता जाडा झाला होता.

“कवा लागलं पानी?” मायाक्काने विचारलं.

“लागलं कुटं, वैनी, आलं. वरच्या तळ्यात कालव्याचं पानी सोडायलेत, तवापासनं पाझरतंय. दोन पावसाळे झाले.”

“आनि मला?”

“सांगायचं राह्यलं बगा. तुमचा फोनच लागत न्हाय.”

“शांतम्माचा लागतोय की रोज. ती तर भिंतीपल्याड हाय.”

गुंडाची बायको पदर तोंडाला लावून आत गेली.

“आनि ढीग, भावजी?”

“शेतरस्त्याला घातला. त्येच्यावरनंच चालत आलाव की तुमी.”

प्रतिक्षाने कप खाली ठेवला. “त्यातून काही निघेल?”

“रोलर फिरलाय त्येच्यावर, ताई. पीठ झालं.”

“पण विहिरीच्या भिंतीत असेल ना? पंचेचाळीस फुटांवर?”

“आसंल की. ते जातंय कुटं?” गुंडाने मान खाजवली. पाहुणी आलीच आहे तर तिला रिकामं पाठवू नये, असं त्याला मनापासून वाटत होतं. “मोटर दहाची हाय. दोन दिस, दोन राती चालवली तर तेवढं उघडं पडंल. दोन गडी सोडू दोरानं. चार गोन्या तर कुटं गेल्या न्हाईत.”

“आणि पाणी?”

“वड्याला सोडायचं. मक्याला आता नको हाय.”

“पुन्हा भरेल?”

“भरंल. कालवा चालू ऱ्हायला तर भरंल. न्हाय तर…” गुंडाने तळहात उलटा केला. “म्या काय सांगू? निम्मी हीर वैनीची हाय. त्या व्हय म्हनल्याबिगर मी बटन दाबनार न्हाय. वैनी, तुमीच सांगा.”

दोघं तिच्याकडे बघू लागले. बाहेर शेळी ओरडली आणि गप्प झाली.

“दोनच दिवस, मावशी,” प्रतिक्षा हळू म्हणाली. तिच्या बोलण्यात जबरदस्ती नव्हती, म्हणून ते ऐकायला जास्त जड होतं. “मग मला नाशिकला जावं लागणार नाही. आपलं चालू राहील.”

आपलं. मायाक्काला तो शब्द नीट ऐकू आला. बिरुदेव गेल्यावर तिच्या बाबतीत तो कुणी वापरला नव्हता. व्हय म्हणायला एवढासा वेळ लागला असता. व्हय म्हटलं तर उद्या रिक्षा होती, दार होतं, काच होती, दुपारी शाळेतून येऊन चपला भिरकावणारी ही पोरगी होती. न्हाय म्हटलं तर पत्र्याची खोली होती आणि आठवड्याचे सातही दिवस रविवार. तिला व्हय म्हणायचं होतं. तिने तसं मनात म्हणूनही पाहिलं. पण तो शब्द म्हणताच डोळ्यांसमोर मोटर सुरू झाली आणि ते पाणी पाइपातून ओढ्याकडे धावायला लागलं. कडेकडेने काळा खडक उघडा पडत चालला, ओला, मग कोरडा. बिरुदेवने सहा उन्हाळे ज्याच्यासाठी घातले आणि ज्याचा एक घोट त्याला मिळाला नाही, ते ओढ्यात मातीला मिळत होतं. आणि ते तिनेच सोडायला सांगितलेलं होतं.

न्हाय म्हणावं, तर समोर प्रतिक्षा बसली होती. तिच्या गुडघ्यावर रिकाम्या गोण्या नीट घडी करून ठेवलेल्या होत्या.

“वैनी?” गुंडा म्हणाला. “बोला की. न्हाय तर न्हाय म्हना. मला काय राग न्हाय.”

“मावशी?”

मायाक्काने बशीतला उरलेला चहा प्यायला. बशी कपाखाली सरकवली. हात पदराला पुसले. मग भिंतीचा आधार घेत ती उठली, दाराशी गेली, पायाने चाचपून चपला घातल्या आणि कुणाकडेही न बघता बाहेर निघून गेली.