विनायकरावांचा बँजो

आगरदांड्याहून दिघीला जाणारी फेरीबोट धक्का सोडून खाडीच्या मध्यावर आली होती, तेव्हा नलिनीताईंचा फोन आला. मी श्रीवर्धनला बहिणीकडे निघाले होते. इंजिनाच्या घरघरीत आधी नुसतं "बाई..." एवढंच ऐकू आलं. मग त्या म्हणाल्या, "बाई, हे गेले. आत्ताच. चहाचा कप हातात दिला आणि..." मला वाटलं, बोट इथूनच मागे वळवावी. तिकीट तपासणाऱ्या माणसाला मी तसं म्हटलंही. तो माझ्या तोंडाकडे बघून हळूच म्हणाला, "पलीकडं लागूनच परत यायला लागंल, बाई. तुम्ही बसा जरा." दिघीला गाड्या उतरल्या, दुसऱ्या चढल्या आणि मी त्याच कठड्याला धरून त्याच बोटीने उलटी आले. विनायकराव चौलच्या आपल्या घरात निजले होते आणि मी पाण्यावर होते.

आमची ओळख शाळेमुळे झाली. अलिबागजवळच्या एका शाळेत मी मराठी शिकवत असे आणि स्नेहसंमेलनात प्रार्थनेला व्हायोलिन वाजवत असे. लहानपणी शिकले होते, तेवढ्यावरच चाललेलं. भाचीचा नाच बघायला आलेला एक उंच, सावळा गृहस्थ कार्यक्रम संपल्यावर पुढे आला. न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनर तपासायचं काम करतो म्हणाला. "बाई, तुमच्याकडे व्हायोलिन आहे, माझ्याकडे बँजो आहे. एकदा वाडीवर येऊन ऐकता का?" मला हसू आलं. आमच्या किनाऱ्यावर बँजो म्हणजे हळदीला आणि गणपतीला वाजणारी बँजो पार्टी... पट्ट्यांचं वाद्य, कर्णे, जनरेटर आणि कान किटेपर्यंत दणदणाट. पण विनायकरावांनी सुपारीच्या वाडीतल्या पडवीत जे वाद्य पेटीतून काढलं, ते वेगळंच होतं. थाळीएवढं गोल तोंड, त्यावर ताणलेला पांढरा पडदा, लांब दांडी आणि पाच तारा. अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या चढवून त्यांनी ते छेडलं आणि कौलांवर गारांचा सडा पडावा तसे सूर पडायला लागले.

कामासाठी एका जहाजावर चढले असताना तिथला अमेरिकन इंजिनिअर डेकवर बसून हे वाजवत होता, आणि विनायकराव हातातलं काम विसरून ऐकत राहिले. त्याने सांगितलं, याला ब्लूग्रास म्हणतात. त्यांच्याकडच्या डोंगरातल्या लोकांचं संगीत. बँजो, फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, मँडोलिन, गिटार... वीज लागत नाही, गोल करून बसायचं आणि आळीपाळीने पुढे यायचं. तेव्हापासून या माणसाला दुसरं काही सुचेना. पुढे अमेरिकेतल्या भाच्याने बँजो आणून दिला आणि हे गृहस्थ बंदरावरून दमून आल्यावर व्हिडिओ लावून एकटेच शिकत बसू लागले. "एकट्याने हे वाजवणं म्हणजे एकट्याने फुगडी घालणं," ते म्हणायचे. म्हणून त्यांना माणसं हवी होती. एक मी सापडले. दुसरा कोर्लईचा आग्नेल, लग्नांतून मँडोलिन वाजवणारा, पोटाने मोठा आणि बोटांनी अतिशय हलका.

रविवारची दुपार आमची झाली. माझं व्हायोलिन सवयीने प्रत्येक सुरावर रेंगाळायचं. विनायकराव हात जोडायचे, "बाई, याला एवढं रडवू नका हो. धावू द्या." मग ते त्या गाण्यांचे अर्थ सांगायचे. खाणीत गाडला गेलेला बाप, सुटलेलं गाव, आईची कबर. चाल नाचरी आणि शब्द सगळे मयताचे! मी म्हटलं, हे काय विचित्र? तर म्हणाले, "त्यात विचित्र काय? आपल्याकडे नाही का, माणूस गेला तरी भात लावायला जावंच लागतं." नलिनीताई पडवीच्या दुसऱ्या टोकाला सुपारी निवडत बसलेल्या असत. त्यांना आमचं काहीच आवडायचं नाही. "तिघं एकदम भांडताय असं वाटतं मला," त्या म्हणायच्या. "आणि तो पत्र्याचा डबा तर नुसता कचकच करतो." तरी उठून आत मात्र कधी गेल्या नाहीत.

एकदा शेजारच्या आळीत हळद होती. बँजो पार्टी आली, जनरेटर बिघडला, नवऱ्या मुलाची आई रडकुंडीला आली. कोणीतरी धावत वाडीवर आलं, "काका, तुमच्याकडं बिनलाईटीचा बँजो हाय ना? चला ना!" आम्ही तिघं गेलो. आधी माणसं एकमेकांकडे बघून हसली. मग विनायकरावांनी एक जलद चाल उचलली, आग्नेल त्यात शिरला आणि हळदीने माखलेल्या बायका अशा काही नाचल्या की मांडवाचे खांब हलले. घरी परतताना विनायकराव पोरासारखे खूश होते. "बाई, डोंगरातून निघालं ते समुद्रावर पोचलं बघा!"

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. सकाळी दात घासताना ब्रश हातातून पडला, तो उचलायला हात वळलाच नाही. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि बोलणं अडखळू लागलं. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी पहिल्यांदा डाव्या हाताने भिंतीवरच्या बँजोकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "आत... ठेव." नलिनीताईंनी तो कपाटात ठेवला. आम्ही जात राहिलो. एकदा आग्नेल धीर करून मँडोलिन घेऊन गेला आणि दोन ओळी वाजवल्या. विनायकरावांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. बाहेर अंगणात येऊन आग्नेल शर्टाच्या बाहीने डोळे पुसत म्हणाला, "बाई, परत नाही आणणार मी हे."

यातून वाट काढली ती नलिनीताईंनी. फिजिओथेरपीवाल्याने सांगितल्याप्रमाणे त्या रोज नवऱ्याच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडायच्या, मिटायच्या. एका दुपारी त्या उठल्या, कपाटातून बँजो काढला, बाकावर विनायकरावांच्या उजवीकडे बसल्या आणि बँजोचं गोल तोंड स्वतःच्या मांडीवर घेतलं. दांडी विनायकरावांच्या समोर आली. नख्या स्वतःच्या बोटांत चढवून त्या म्हणाल्या, "तुमचा डावा हात धड आहे ना? मग तुम्ही दाबा. कुठली तार आधी, ते सांगा." हे मला त्यांनी नंतर सांगितलं. विनायकराव चिडले, दांडी ढकलून दिली. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा बसल्या. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "अंगठा... मग पहिलं... मग मधलं."

मी पाहिलं तेव्हा सहाएक महिने लोटले होते. पडवीत दोघं खेटून बसलेली. त्यांचा निकामी उजवा हात दोघांच्या मध्ये, नलिनीताईंच्या पदरावर ठेवलेला. त्यांचा डावा हात दांडीवर फिरत होता आणि तारा छेडत होत्या नलिनीताई... चुकत, कपाळाला आठ्या घालत, पण छेडत होत्या. एका जागी विनायकराव पुढे सरकले, तर त्यांनी दटावलं, "अहो, इथे तुम्ही नेहमी जरा थांबता." त्या डब्याचा कंटाळा असलेल्या बाईला प्रत्येक चाल, प्रत्येक थांबा पाठ होता. विनायकरावांनी मान वळवून बायकोकडे बघितलं. कितीतरी वेळ बघतच राहिले. मग मला म्हणाले, "व्हायोलिन... आणलं नाही?"

आणलं नव्हतं. पुढच्या रविवारी आणलं, आग्नेललाही बोलावलं. तेव्हापासून आम्ही चौघं झालो. वेग पूर्वीचा नव्हता, कधी दोघांचे हात चुकायचे आणि ती दोघं तिथल्या तिथे भांडायची. पण आग्नेलच्या मुलीच्या लग्नात कोर्लईच्या अंगणात ती दोघं एका बाकावर बसून वाजवायला लागली, तेव्हा जेवायला बसलेली माणसं हातातला घास तसाच धरून ऐकत होती. विनायकरावांना सगळ्यांत जास्त आनंद कशाचा झाला असेल, तर नंतर एक म्हातारी नलिनीताईंना म्हणाली, "छान वाजवतेस गं," याचा. महिनाभर ते येईल त्याला हे सांगत होते, अडखळत, पूर्ण वाक्यात.

आणि मग ती चहाची सकाळ आली. दुसरा झटका. या वेळी त्याने काहीच ठेवलं नाही, डावा हातसुद्धा नाही.

दिवसकार्य झालं. पाहुणे गेले. मागच्या रविवारी मी चौलला गेले, व्हायोलिन न घेता. वाडीच्या फाटकाशीच सूर ऐकू आले आणि मी फाटकाची कडी धरून ऐकू लागले. तीच बोटं, तीच लय. पण चाल पुढे सरकत नव्हती. हा बँजो असा लावतात की तारा कुठेही न दाबता छेडल्या तरी एक गोड मेळ वाजतो. तेवढाच तो एक मेळ पुन्हा पुन्हा येत होता.

नलिनीताई बाकाच्या उजव्या टोकाला बसल्या होत्या. डावीकडची जागा त्यांनी मोकळी सोडली होती आणि दांडी खाली कलू नये म्हणून त्या जागेवर उशा रचून तिला टेकू दिला होता. मी शेजारी उभी राहिले. म्हटलं, "नलिनीताई, डावा हात मी दाखवू का? फार अवघड नाही."

त्यांनी मान हलवली. "नको, बाई. तो हात त्यांचा."

आणि पुन्हा वाजवायला लागल्या. विनायकरावांची बोटं जिथे दुसऱ्या मेळावर सरकायची, तिथे त्या थांबत होत्या. तेवढा वेळ जाऊ देत होत्या. मग पुढे.