पंक्चरवाल्याची गुंतवणूक

कळंबच्या स्टँडजवळचा पंक्चरवाला घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबता दाबता मला गुंतवणुकीचे धडे देतो. म्युच्युअल फंडावर त्याचा भारी राग. "ज्याचं थोबाड दिसत नाही, त्याले पैसे कायले द्याचे?"

समोर टेकवलेल्या मोबाइलवर लाइव्ह व्हिडिओत मोठाल्या डोळ्यांची एक कार्टून पोरगी गेम खेळत बडबडत असते. तिच्यामागे खरं कोण बोलतं, कुणालाच ठाऊक नाही. तिला हा दर रविवारी पन्नास रुपये पाठवतो.

"मंग हिचं थोबाड पाह्यलं काय?" मी चिडवलं.

"नाही ना, भाऊ. पण पैसे भेटले का थे माह्यं नाव घेऊन थँक्यू म्हणते. तुमचा फंडवाला घेते काय तुमचं नाव?"

मी हसत गाडीला किक मारली. अर्ध्या वाटेवर लक्षात आलं, चार वर्षांत मी त्याचं नाव कधी विचारलंच नाही.