आईच्या गाडीचा ऑइल पंप आणि धकाते सर

श्रीधरराव धकाते सरांची आणि माझी ओळख वादातून झाली. तंत्रनिकेतनात गणित शिकवायला मी नुकतीच रुजू झाले होते आणि वर्गासाठी मला त्यांच्या ऑटोमोबाइल विभागातली खोली हवी होती. "मॅडम, आत इंजिन खोलून ठेवलं आहे. ते परत जोडून होईपर्यंत खोली नाही मिळत," एवढं सांगून ते कामाला लागले. संध्याकाळी मात्र स्वतः बाकं ओढून त्यांनी मला दुसरी खोली लावून दिली.

इतवारीतल्या विणकर कुटुंबात वाढलेले सर नागपुरातल्या जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींचा आधार कसे झाले, ते या गौरवग्रंथातले इतर लेखक सांगतीलच. मी आमच्या घरी घडलेलं सांगते.

माझी आई नागपूरजवळच्या कुहीला डॉक्टर होती. खेड्यापाड्यांतल्या बाळंतपणांना ती जायची, ती आज आमच्या अंगणात उभ्या असलेल्या गाडीने. मध्यंतरी आईचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण पाय ताठच राहिला. नव्या गाड्यांत तिला बसता येईना. या गाडीच्या मागच्या रुंद सीटवर मात्र पाय पसरता यायचा. कुहीची तिची जुनी नर्स गिरजाबाई अंथरुणाला खिळली होती आणि आईला तिला एकदा भेटायचं होतं. नेमकं तेव्हाच, इंजिन तापलं की तेलाचा दाब पार खाली येऊ लागला. गॅरेजवाले म्हणाले, इंजिनच बदला. शेवटी मी सरांना बोलावलं.

"याच इंजिनाच्या पुढच्या मॉडेलले मोठा ऑइल पंप यायचा. तो बसवू," सर म्हणाले. "पण आधी बेअरिंग पाहू."

"मोठ्या पंपाने दाब वाढेलच ना?" मी विचारलं.

"काटा वर येईल अन् आतली झीज तशीच राहील. मग रस्त्यात इंजिन जाम होईल. आईले घेऊन जायचं आहे ना तुम्हाले?"

बेअरिंग खरोखरच झिजली होती. ती बदलली, इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, कळमेश्वरच्या कारखान्यातून घासून आणला. नव्या पंपाची नळी खालच्या तेलाच्या टाकीला अडत होती, म्हणून ती नळीही सरांनी पुन्हा घडवून घेतली. आई रोज खिडकीशी बसून पाहायची. एके दिवशी सर जुना पंप घेऊन तिच्याजवळ बसले आणि त्यातले दाते कसे फिरतात, तेल कसं वर चढतं, ते त्यांनी तिला दाखवलं.

"सर, चालन ना गाडी?" आईने विचारलं.

"आज नाही सांगू शकत, डॉक्टरबाई. तपासल्याशिवाय तुम्ही पेशंटले सांगत होत्या का?"

पाय मोडल्यापासून आई पहिल्यांदा मनापासून हसली.

पंप बसला. इंजिन पेट घेऊ नये म्हणून प्लग काढून सरांनी ते स्टार्टरवर नुसतं फिरवलं. दाबाचा काटा हलला नाही. सरांनी हात वर करून सगळं थांबवलं.

"पंपानं तेलच उचललं नाही. आत हवा राहिली," थोड्या वेळाने सर म्हणाले. "व्हॅसलीन आहे का घरात?"

पंप पुन्हा खाली उतरवला, हवेला जागा राहू नये म्हणून त्याच्या दात्यांत आईच्या कपाटातलं व्हॅसलीन भरलं आणि तो परत चढवला. या वेळी काटा थरथरला आणि वर चढला. मग इंजिन सुरू केलं, चांगलं तापू दिलं. काटा जागचा ढळला नाही. सरांनी भिंतीला पाठ टेकली आणि चष्मा पुसत ते म्हणाले, "मले बी धाकधूक होती, मॅडम."

कुहीच्या वाटेवर निम्म्या रस्त्यापर्यंत माझी नजर त्या काट्यावर होती. पुढे मी शेतं पाहू लागले. गिरजाबाई पडल्या पडल्या म्हणाल्या, "बाई, गाडीच्या आवाजावरूनच वळखलं मी तुम्हाले." दोघी कितीतरी वेळ हात धरून होत्या.

सरांनी आता पंचाहत्तरी गाठली आहे. त्यांना निरोगी, हातात काम असलेलं दीर्घ आयुष्य लाभो, एवढं मी मनापासून इच्छिते. आशीर्वाद देण्याचा अधिकार मात्र त्यांच्याहून मोठ्या असलेल्या आईचा. लेख लिहायला बसले तेव्हा ती म्हणाली, "त्यांले लिही, गाडीची काळजी आता मले नाही. तब्येत सांभाळून राहा म्हणा, अन् अधूनमधून असेच बसायले येत जा म्हणा."