आक्कांची बॅटरी

मुलगी बघायला गेलो आणि होणाऱ्या सासूबाईंनाच मोतीबिंदूच्या मोफत शिबिराचं आमंत्रण देऊन बसलो. त्यांचा डावा डोळा हलत नव्हता. मला वाटलं, छाप पडेल.

आक्कांनी पोह्यांच्या चमच्याने त्या डोळ्यावर टकटक केलं. "याला मोतीबिंदू व्हायचा नाय, पाव्हणं. काचेचा हाय."

मुलीकडचे लोक अशा वेळी चष्मासुद्धा लपवतात. सायखेड्याच्या आक्का पोहे संपायच्या आत सगळं सांगून मोकळ्या! "मला तान्हेपणी डोळ्याचा कॅन्सर झाला, डोळा काढला. शोभालाबी झाला, पण लवकर सापडला म्हणून तिचे डोळे वाचले. रक्तातून उतरतो हा. तुमच्या लेकरात यायचा का नाय, निम्मं-निम्मं. हो म्हणायचं तर ऐकून म्हणा."

माझे काका चपला शोधायला उठले. मी बसून राहिलो. धाडस वगैरे काही नाही. शोभा दुसरी प्लेट घेऊन येत होती, आणि हसत होती.

शोभाच्या बुबुळातली पांढरी चमक आक्कांनीच बॅटरीच्या उजेडात पाहिली होती. तेव्हापासून ती बॅटरी त्यांच्या झेंडूच्या पाटीत कायमची. नाशिकच्या फूलबाजारात कुणी तान्हं घेऊन आलं की आधी त्याच्या डोळ्यांवर उजेड, मग फुलांचा भाव. "पांढरं चमकलं तर डॉक्टर गाठायचा, अंगारा नाय लावायचा." बाया पोराला पदराआड घेत. आक्का पदराखालून बॅटरी घालत.

आमची चिमी जन्मली, तिचं रक्त तपासायला गेलं. रिपोर्ट येईपर्यंत आक्का इतक्यांदा उजेड मारत, की चिमी आजीपेक्षा बॅटरीलाच जास्त ओळखू लागली.

आणि एकदाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तो दोष हिच्यात उतरलेला नाही."

मी ओरडलोच! धावत पेढे आणले, दवाखानाभर वाटत सुटलो, आणि भूल द्यायची म्हणून सकाळपासून उपाशी ठेवलेल्या एका पोराच्या तोंडाशीही पेढा नेला. नर्सबाईंनी तो हवेतल्या हवेत हिसकावला आणि सगळ्यांदेखत मला झापलं.

आक्का गेल्या वर्षी गेल्या. बॅटरी आता माझ्याकडे आहे. बाया मलाही पाहून पोरावर पदर ओढतात. पण मला आठवतात त्या दवाखान्यातल्या बाकावरच्या आक्का, दोन्ही डोळे पुसणाऱ्या. काचेच्या डोळ्याखालूनही पाणी येतं, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी मांडीवरच्या चिमीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या,

"माझं नाय उतरलं पोरीत. आता तुमचं डोकं उतरलं नाय म्हणजे मिळवलं, जावईबापू."