मागच्या डाव्या दारातलं सोनं

दसरा जवळ आला आणि कोणी 'सोनं' म्हणालं की ती केस अजूनही माझ्या डोळ्यांसमोर उभी राहते. नोकरीत मी खरं सोनंही बरंच जप्त केलं. त्यातलं काहीच आता आठवत नाही.

तेव्हा मी दक्षिण नागपुरातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. सकाळची हजेरी आटोपली होती आणि मी स्टेशन डायरी चाळत होतो. तेवढ्यात आमच्या गुन्हेशोधाच्या डीबी पथकाचा हवालदार एका खबऱ्याला मागच्या दाराने घेऊन आला. हा खबऱ्या मनीषनगरात पानठेला चालवायचा. त्याच्या बहुतेक खबरा खोट्या निघत, पण खरी निघायची ती अशी निघायची की त्याला हाकलून देण्याची हिंमत होत नसे.

"साहेब, पोतंभर सोनं हाय," तो म्हणाला.

"कोणाकडे?"

"माह्या ठेल्यामागच्या बिल्डिंगमधी. मिहानमधल्या कंपनीत इंजिनिअर हाय. त्यानं एक जुनी गाडी आणली, वरातीची, हंसाचे पंख लावलेली. रोज पार्किंगमधी खोलून राहिला. काल पत्रा ठोकणाऱ्या डेंटरले म्हणे, दारातलं सोनं पोत्यात भर आन् कोणाले दाखवू नको. मी माह्या कानानं आयकलं."

"डेंटर काय म्हणाला?"

"म्हणे, मी तं कचराच समजलो होतो."

त्या शेवटच्या वाक्याकडे खोलीत कोणीच लक्ष दिलं नाही. सोनं आणि पोतं हे दोन शब्द एकत्र आले की माणसाला तिसरा ऐकू येत नाही, आणि वर्दीतला माणूसही माणूसच. त्यात विमानतळ हाकेच्या अंतरावर. तस्करीचा माल गाड्यांच्या दारांत दडवतात हे तर आम्हाला प्रशिक्षणातच शिकवलेलं. हवालदाराचे डोळे चमकत होते. माझेही चमकत असावेत, पण समोर आरसा नव्हता.

वरिष्ठांना कळवणं भाग होतं. आमच्या साहेबांना पत्रकार परिषदेची फार हौस. जप्त मुद्देमालामागे कोणी कुठे उभं राहायचं, हे ते मुद्देमाल सापडण्याआधी ठरवत. त्यांनी लगेच टेबलावर हिरवं कापड अंथरायला सांगितलं, तराजूसकट एका सराफाला बोलावून घेतलं आणि पत्रकारांना 'मोठी कारवाई' एवढंच कळवलं.

आम्ही दोन पंच घेतले आणि साध्या कपड्यांत निघालो. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाडी उभी होती. जुन्या काळातली, गोल पाठीची, डोळे वटारल्यासारख्या दिव्यांची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण शौकीन मंडळी मग चुका काढणारी पत्रं पाठवतात. कोणीतरी तिचा टप कापून टाकला होता, दोन्ही बाजूंना फायबरचे हंसपंख ठोकले होते आणि पुढे नवरदेवासाठी सिंहासन बसवायची चौकट केली होती. एक पंख उतरवून भिंतीला टेकवला होता. गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते.

"बाहेर या," मी म्हणालो. "पोलीस."

इंजिनिअर सरकत बाहेर आला. तोंडभर ग्रीस, हातात पाना. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "मी केव्हाची सांगून राहिली, या डब्यापायी एक दिवस घरी पोलीस येतील. आले का?"

"सोनं कुठे आहे?" मी विचारलं.

त्याने कोपऱ्यातल्या पोत्याकडे बोट दाखवलं. इतक्या सहज कबुलीची आम्हाला सवय नव्हती. हवालदाराने पंचांना जवळ बोलावलं, पोत्याची सुतळी सोडली, कोपरापर्यंत हात घातला आणि मूठ बाहेर काढली. मुठीत वाळलेली, तपकिरी, मधोमध चीर असलेली पानं होती.

"दसऱ्याचं सोनं आहे, सर," इंजिनिअर म्हणाला. "मागच्या डाव्या दाराचं कव्हर काढलं तर आत ठासून भरलेलं होतं. टाकवेना. वरती बायकोला कळलं असतं तर ती पानंही गेली असती आणि गाडीही, म्हणून डेंटरला म्हटलं, कोणाला दाखवू नको."

मी साहेबांना फोन लावला.

"सापडलं?"

"सापडलं, साहेब. आपट्याचं."

पलीकडे सराफाच्या तराजूची किणकिण झाली. मग प्रश्न आला, "वजन?"

तिथेच हसून परतायचं होतं. हवालदार परत सुतळी बांधत होता. पण ती मूठभर पानं माझ्या हातात होती. वरची पानं तपकिरी, खालची काळी पडून एकमेकांना चिकटलेली. हे एका दसऱ्याचं काम नव्हतं. कोणीतरी वर्षानुवर्षं खिडकीच्या फटीतून पानं आत सोडली होती, आणि तीही एकाच दारात. मी सहज विचारलं, "गाडी कोणाची होती?"

इंजिनिअरची मान ताठ झाली. "कोलकात्याच्या जमीनदार घराण्याची, सर. पहिल्यापासून त्यांच्याकडेच होती, मागच्याच वर्षी इकडे आली. कागद आहेत. कामठी रोडच्या शेठनं सगळं दाखवलं. वरातीचे पंख त्यानंच लावले, पण सीझन चालला नाही म्हणून विकली. मला ती मूळ रूपात आणायची आहे."

मी मुठीतली पानं पुन्हा पाहिली. अशा वेळी पोलिसाला जे होतं ते शब्दांत सांगता येत नाही, पण भूक मरते एवढं नक्की. नागपुरात रेल्वेमुळे बंगाली वस्ती जुनी आहे. त्यांची विजयादशमी मी बंदोबस्तात कित्येकदा पाहिली आहे. ते देवीला निरोप देतात, गळाभेट घेतात, मिठाई खाऊ घालतात. आपट्याच्या पानाला सोनं म्हणून ते वाटत नाहीत. मागच्या वर्षापर्यंत कोलकात्यातून कधी बाहेर न पडलेल्या गाडीच्या दारात इतक्या वर्षांचं मराठी सोनं आलं कुठून?

"चेसिस नंबर दाखवा," मी म्हणालो.

बॅटरीच्या उजेडात आकडे पाहिले. ओळ तिरकी होती आणि भोवतालचा पत्रा घासलेला, म्हणजे मूळ नंबर खोडून दुसरा ठोकलेला. इंजिनिअरने ते माझ्याबरोबरच पाहिलं. त्याच्या हातातला पाना खाली गेला.

"सर, गाडी गेली का माझी?"

"आधी तुम्ही आत जाणार नाही ते पाहू," मी म्हणालो. चोरीचा माल बाळगल्याचा गुन्हा त्याच्यावर सहज लागला असता. नोकरी गेली असती.

कामठी रोडच्या शेठच्या दुकानावर 'राजेशाही' अशी पाटी होती. भिंतीवर पुढाऱ्यांबरोबरचे फोटो, बोटांत अंगठ्या. माझा अनुभव असा की मोठ्यांबरोबर फोटो काढून घेणारा माणूस चौकशीत लवकर फुटतो. त्याला एकटं बसायची सवय नसते. मी त्याला ठाण्यात आणलं, चहा दिला आणि आरडाओरडा न करता पुढ्यात एक पान ठेवलं.

"हे काय आहे?"

"सोनं आहे, साहेब," तो हसत म्हणाला. "दसऱ्याचं."

"कोलकात्यात याला काय म्हणतात?"

त्याने हातातला कप खाली ठेवला.

"तुमच्या जमीनदाराच्या दारात पोतंभर निघालं. त्यांना कोण देत होतं एवढं सोनं?"

चहावर साय धरली. मग त्याने एकेक सांगायला सुरुवात केली. कोलकात्यात भंगारात निघालेल्या तसल्याच गाडीचे कागद त्याने मिळवले होते. गाडी मात्र काटोलकडच्या एका गावातली. तिथले डॉक्टर वारल्यावर ती अंगणात उभी होती. याने 'चकाचक करून देतो' म्हणून ती डॉक्टरांच्या पत्नीकडून नेली आणि पुढे वर्कशॉपला आग लागल्याचं सांगून भलत्याच जळक्या सांगाड्याचा फोटो दाखवला. बाईंनी विश्वास ठेवला. म्हणून चोरीची तक्रार कुठल्याच ठाण्यात नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी काटोलकडे गेलो. बाई निवृत्त शिक्षिका. मी गाडी सापडल्याचं सांगितलं नाही, फक्त चौकशी चालू आहे म्हणालो. खूण फिर्यादीच्या तोंडून यावी लागते, आपण तोंडात घालून चालत नाही.

"तुमच्या गाडीची एखादी खूण सांगता येईल?"

"आता जळलेल्या गाडीची काय खूण, साहेब? मी तं तिच्यासाठी दिवाही लावला होता." त्या थांबल्या. "मागचं डावं दार सडलं होतं. आमच्या डॉक्टरांचीच करामत."

"ती कशी?"

"ती माही जागा. मांडीवर दवाखान्याची पेटी घेऊन बसायची मी. दसऱ्याले घरी आलेलं सगळं सोनं डॉक्टर त्या दाराच्या फटीत टाकत. म्हणत, तुले जन्मात सोनं घेतलं नाही, हे घे. मी म्हणायची, अहो, पाणी साचते, दार सडते ना. तं म्हणत, सडू दे. या सोन्याले चोर लागत नाही."

मी वही मिटली. पुढचा प्रश्न विचारायची गरज नव्हती.

प्रयोगशाळेने घासलेल्या पत्र्यातून मूळ आकडे वर काढले. ते डॉक्टरांच्याच नावाशी जुळले. शेठवर फसवणूक आणि बनावट कागदांचा गुन्हा दाखल झाला, इंजिनिअर साक्षीदार ठरला. साहेबांची पत्रकार परिषद अखेर झाली. हिरव्या कापडावर पोतं ठेवलं होतं. सराफ आला नाही.

या केसने मला शिकवलं ते असं. कागद हवा तसा तयार करता येतो, घराणंही विकत मिळतं. पण नवरा-बायकोमधली गंमत कोणी बनावट करून ठेवत नाही, कारण ती तिथे असेल हेच चोराच्या ध्यानात येत नाही. तेव्हापासून मी जप्तीच्या वस्तूत आधी निरुपयोगी ते शोधायला लागलो.

न्यायालयाने गाडी सुपूर्तनाम्यावर, म्हणजे खटला संपण्याआधीच, बाईंच्या ताब्यात दिली. अर्धी खोललेली गाडी अजून पार्किंगमध्येच होती, म्हणून त्या मनीषनगरला आल्या, तेव्हा मी हजर होतो. इंजिनिअरने गाडी पुसून ठेवली होती, जणू मुलगी सासरी पाठवायची होती. बाई भोवती फिरल्या.

"टप कुठं गेला गा हिचा?"

"तसाच दुसरा मिळाला आहे, मावशी. बसवणार होतो. पण आता गाडी तुमची."

"माही आहे म्हणूनच तं सांगून राहिली. बसव. टपाबिगर मी कशी बसू?"

"म्हणजे इथेच ठेवू?"

"मले कुठं चालवता येते? तू पूर्ण कर, तूच चालव. दसऱ्याले मले न्यायले येशील तेवढं बस."

गॅलरीतून आवाज आला, "मावशी, मी तं वाट पाहत होती तुम्ही घेऊन जाल म्हणून." पण खाली येताना ती चहा घेऊनच आली.

त्या दसऱ्याला मलाही बोलावणं होतं. टप बसला होता, पंख गेले होते, जुना निळा रंग परत आला होता. केस निकाली निघाली नव्हती, पण पानं कोणी मुद्देमालात ठेवून घेत नाही, फोटो पुरतात. बाई मागच्या डाव्या जागेवर बसल्या, पोतं मांडीवर घेतलं आणि मूठ भरून खिडकीच्या फटीत सोडू लागल्या. दाराचा तळ डेंटरने नव्या पत्र्याने बांधला होता. इंजिनिअरला राहवेना.

"मावशी, दार पुन्हा सडेल."

बाईंनी दुसरी मूठ भरली.

"सडू दे."