गल्लीचा गोल आधी

तक्रारीचा फोन ज्याच्या टेबलावर, त्याच्याकडं किस्से आपोआप साठतात. ऐकायला कुणी भेटतच नाही. आता तुम्ही सापडलाय!

दोन हजारनंतरची गोष्ट. कोल्हापुरात आमच्या केबलवाल्यानं डिजिटल डबे आणले. जुनी साधी वायरही चालूच होती. मी कंट्रोल रूममध्ये एकटा. समोर भिंतभर टीव्ही, सगळे बोलतायत, माझ्याशी कुणी नाही.

*

एका काकूंनी विचारलं, "ह्यो डबा करतो तरी काय?"

म्हटलं, "आम्ही चित्र घडी घालून पाठवतो. ती उलगडायचं काम तुमच्या घरात डबा करतो."

"बरं झालं बाई! घरात कुणीतरी कामाला हात लावतंय."

*

बसवराज आमचा वायरमन, कुरुंदवाडचा. फोनवरच दुरुस्ती करायची हौस! एका गिऱ्हाइकाला म्हणाला, "पावणं, एकानं डब्याची वायर दाबून धरा, दुसऱ्यानं चित्र आलं का सांगा."

तिकडनं आवाज आला, "दुसरा कुठनं आणू?"

बसवराज स्वतः गेला. वायर दाबून धरली. चित्र आलं. पावणं टीव्हीसमोर ऐसपैस बसले आणि म्हणाले, "जरा येळ धराच की!"

*

पाडव्याला मी ड्यूटीवर. एका आजींचा फोन, "टीव्हीचा आवाज येत न्हाय ओ."

मग फराळ, गुडघे, पुण्याची सून, सगळं बोलून झालं. शेवटी मला सुचलं, "आजी, रिमोटवर म्यूट दाबलंय का?"

"व्हय की! फोन करायचा म्हणून मीच दाबलंय."

*

दत्तूआण्णा मंगळवार पेठेतले, फुटबॉलवेडे. मैदानाच्या पायऱ्या चढवेनात, म्हणून मुंबईच्या मुलानं डबा बसवून दिलेला. मॅच आमच्या लोकल चॅनेलवर लागायची.

आण्णांचा फोन आला, "डबा काढून न्या."

"चित्र खराब आहे?"

"काचंसारखं हाय. तुमी या तर!"

ड्यूटी संपवून मीच गेलो. मॅच चालू होती. एकाएकी गल्ली ओरडली, "गोऽऽल!" शिट्ट्या, टाळ्या. आण्णांच्या पडद्यावर चेंडू अजून मधल्या मैदानात! बाकी गल्लीत साधी वायर, तिथं चित्र लगेच यायचं. डब्याला दोन-तीन सेकंद जास्त लागायचे.

मग आमच्यासमोरही गोल झाला. आण्णा खुर्चीला धरून उठले, हात वर केले, "गोऽऽल!" तोवर गल्ली गप्प झाली होती. आण्णा हळूच खाली बसले.

"साध्या वायरीवर मुंग्या येतील, आण्णा."

"येऊ द्यात."

डबा काढला, जुनी वायर लावली. पडदाभर मुंग्या. थोड्या वेळानं गल्ली पुन्हा ओरडली. मला चेंडूही दिसला नाही. आण्णा मात्र उभे, दोन्ही हात वर, घसा फोडून ओरडतायत!

मी विचारलं, "आण्णा, गोल कुणाचा?"

"कुणास ठावं!" आण्णा म्हणाले आणि पुन्हा ओरडले.