ठोकेमामा निवडून आले

कर्जतच्या बाजारात नारळ वाजवून घेणारी माणसं पुष्कळ होती. नारळाबरोबर नारळवाल्याची टोपली, त्याची पाटी आणि जमलंच तर त्याची पाठसुद्धा वाजवून बघणारे मात्र एकटे ठोकेमामा. कशेळ्याहून आणलेलं मडकं असो, भोपळा असो की शाळेचं नवं दार असो, उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून ते आधी दोन ठोके देत. मग मान तिरकी करून ऐकत. ऐकताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की समोरची वस्तू चोरीची आहे आणि आता कबूल करणार आहे.

ही सवय रेल्वेची. घाट चढण्याआधी गाडी कर्जतला थांबते, मागून जादा इंजिनं लागतात. तेवढ्या वेळात लांब दांड्याची हातोडी घेऊन गाडीच्या कडेकडेने चालायचं आणि एकेक चाक ठोकत जायचं, हे मामांचं काम. चांगलं चाक खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. शेवटचा डबा झाला की ते साहेबाला "फिट हाय" असं सांगत. सगळी नोकरी त्यांनी चाकांवर संशय घेण्यात घालवली. निवृत्त झाले तेव्हा रेल्वेने हातोडी परत घेतली, पण बोट मामांकडेच राहिलं आणि संशयही.

स्टेशनाच्या रस्त्यावर माझं शिलाईचं दुकान. मामा रोज सकाळी येऊन बाकावर बसत. बसण्याआधी बाक ठोकत. मी त्याच बाकावर रोज कापड पसरत होतो, तो काही रात्रीतून कुजणार नव्हता, पण सांगणार कोण? दुकानामागेच आमचं घर. माझी बायको चहा पाठवायची. मामा कपाच्या कडेला नखाने टिचकी मारत, ऐकत आणि मगच तोंडाला लावत. हे रोजचं. बायकोला ते लागायचं. एकदा ती दारात येऊन म्हणाली, "मामा, बाहेर ठोका हो. माझ्या घरचा कप पण ठोकायचा?"

मामा म्हणाले, "पोरी, काल ठोकलं म्हणून आज चाक सोडत नाय. तडा काय सांगून येतो?"

ती आत गेली आणि भांडी नेहमीपेक्षा जोरात घासू लागली.

ग्रामपंचायतीची निवडणूक आली तेव्हा आमच्या वॉर्डातून शेठ बिनविरोध येणार, असं ठरल्यासारखंच होतं. शेठ म्हणजे किराणा दुकानवाले. गोल, हसरा, उधारी देणारा माणूस. देवळासमोर बैठक भरली. एकजण म्हणाला शेठ, बाकीचे म्हणाले शेठ. मामा मागे उभे होते. बैठक संपल्यावर ते माझ्याजवळ येऊन पुटपुटले, "सगळी चाकं सारखी वाजली रं मास्तर. असं कधी होत नाय. कायतरी गळतंय." आणि दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी स्वतःचा अर्ज भरला. निवडून यायला नव्हे, ठोकून बघायला.

मामा नव्याने बौद्ध झालेल्या घरातले. राखीव जागा दुसऱ्या वॉर्डात होती. ती सोडून हे इथून उभे राहतात म्हटल्यावर लोक आधी हसले, मग कुजबुजले, मग गप्प झाले. शेठना चिन्ह मिळालं छत्री आणि मामांना शिडी. प्रचार असा मामांनी केलाच नाही. कोणी म्हणालं, "मामा, शपथ घेतो, मत तुम्हालाच," तर ते उलट चिडत. "शपथ कशाला घेतो? ज्याला फुटायचं नाय त्याला पाण्यात मीठ टाकून शपथ घ्यावी लागत नाय."

पण एक माणूस त्यांच्यासाठी अंगात आल्यासारखा फिरू लागला. वरच्या आळीचे तात्या. निवृत्त तलाठी, उपरणं, कडक आवाज. शेठशी त्यांचं कुंपणावरून वाकडं होतं, हे गावाला ठाऊक होतं. दुकानात येऊन तात्या म्हणाले, "मामा, तुम्ही फक्त निवडून या. पुढे मी सांगेन तिथे सही करा, बाकीचं माझ्यावर सोपवा."

ते गेल्यावर मामांनी तात्या बसले होते ती खुर्ची ठोकून पाहिली.

मतदानाच्या सकाळी अधिकाऱ्याने पत्र्याची पेटी उघडून सगळ्यांना दाखवली, की बघा, रिकामी आहे. मामा पुढे झाले. "दिसती रिकामी. तळ वाजवून बघतो." अधिकारी नवा होता, बिचारा बघतच राहिला. मामांनी चारी बाजू, तळ आणि झाकण ठोकलं आणि पेटी फिट ठरवली. तेव्हा कुठे मतदान सुरू झालं.

मोजणी कचेरीत. मामांनी प्रतिनिधी म्हणून मला नेलं होतं, "शिंपी माणूस, नजर बारीक." टेबलावर चिठ्ठ्यांचे दोन ढीग होऊ लागले. शिडी, शिडी, छत्री, शिडी. मला वाटलं, सुरुवातीला असं होतं. पण शिडीचा ढीग वाढतच गेला. शेवटी साहेबांनी निकाल सांगितला. मामा चांगल्या फरकाने निवडून आले होते. बाहेर तात्यांनी गुलाल आणून ठेवला होता. मी मामांचा हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला.

मामा साहेबांना म्हणाले, "परत मोजा."

साहेब म्हणाले, "अहो, तुम्ही जिंकलात!"

"म्हणून तर म्हणतो."

"फेरमोजणी हरलेला उमेदवार मागतो, मामा."

"हरलेल्याला निकाल पटलाय. मला नाय पटला."

शेठ कोपऱ्यात उभे होते. ते हसून म्हणाले, "मोजा साहेब, मीही मागतो. तेवढीच माझी एखाद-दोन वाढली तर बघू." पुन्हा मोजलं. आकडा तोच निघाला. मामांचा संशय दुप्पट झाला. गुलाल न लावता ते मागच्या दाराने घरी गेले. वाटेत मला म्हणाले, "मला वरच्या आळीनं मत दिलं? ज्या आळीत मी कधी उंबरा वलांडला नाय? हे मत मला नाय, शेठच्या विरोधात हाय. तात्याला सहीचा अंगठा पायजे होता, तो गावला. तसं असेल तर मी उद्याच मेंबरकी सोडतो."

मला राग आला. आयुष्यात पहिल्यांदा गावाने या माणसाला मान दिला आणि हा तो परत करायला निघाला. मी म्हणालो, "मामा, कधीतरी लोकांवर विश्वास ठेवा."

"ठेवतो की. आधी ठोकून बघू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते धुतलेला सदरा घालून दुकानात आले. "चल मास्तर, चहा प्यायला."

"कुठे?"

"ज्यांनी ज्यांनी मत दिलं म्हणतात, त्यांच्याकडं."

आम्ही घरोघर फिरलो. मेंबर दारात आल्यावर चहा कोण नाही म्हणणार? आणि प्रत्येक घरात तेच, "मामा, आमचं सगळं घर तुमच्या मागे!" असं म्हणणाऱ्यांची मतं धरली तर शेठना स्वतःचं मतसुद्धा पडलं नसतं. मामा हं हं करत, चहा आला की टिचकी मारत, ऐकत. तिसऱ्या-चौथ्या घरानंतर ते काय ऐकतायत ते माझ्या लक्षात आलं आणि माझं तोंड कडू झालं.

मी त्यांना वाटेतच विचारलं. ते म्हणाले, "पोरगा होतो तवापासनं ही खूण हाय. मोठ्या घरांतनं कोनाड्यात आमचा कप वेगळा. आता चांगला कप वेगळा कोण ठेवतो? वेगळा ठेवायचा तो फुटका. तोंडानं माणूस काय पण म्हणंल रं. कप म्हणत नाय."

रेल्वेने त्यांना ठोकायला शिकवलं असं गाव समजत होतं, मीही समजत होतो. रेल्वेने फक्त हातोडी दिली होती.

तात्यांच्या घरी ओटीवर खुर्च्या मांडल्या होत्या. तात्या उठून उभे राहिले, "या मेंबर!" म्हणाले. चहा आला. मामांनी टिचकी मारली. बद्द. मी माझ्या कपाला मारली, तोही त्याचाच सख्खा भाऊ. आमचं घर कोकणी मुसलमानांचं, तेव्हा कोनाड्यात माझीही सोय होती म्हणायची. मामांनी कप खाली ठेवला. "तात्या, फिट नाय," एवढंच म्हणाले आणि उठले. तात्यांना वाटलं, चहात साखर कमी पडली.

सगळीच घरं अशी नव्हती, हे सांगायला हवं. बरेच कप खणखणीत वाजले. वरच्या आळीतलेसुद्धा. मी खूश होऊन मामांकडे बघायचो. पण मामा कसले? "नवा आणला असंल. वेगळाच, पण नवा. आता मेंबर झालो ना." या माणसापुढे मी हात टेकले.

आम्ही परत निघालो. शेठच्या घरावरून जाताना मामांनी मान खाली घातली. तिथे जायचं काही कारण नव्हतं. पण दारातून शेठच्या बायकोने, वहिनींनी हाक मारली, "मामा, सगळ्या वॉर्डात चहा प्यालात म्हणे. आम्ही हरलो म्हणून आमचा चहा चालत नाही वाटतं?"

आत गेलो. ओटीवर नव्हे, आत. वहिनी ताटलीत तीन कप घेऊन आल्या, तिन्ही एकाच नक्षीचे. मामांनी ताटलीतच तिन्ही कप ठोकले. पहिला खणखणीत. दुसरा खणखणीत. तिसरा बद्द. वहिनींनी पहिला कप मामांच्या हातात दिला, दुसरा माझ्या आणि तिसरा शेठपुढे ठेवला.

शेठ म्हणाले, "फुटका या घरात मलाच असतो, मामा. लग्नापासून."

"हरलेल्या माणसाला काय चांदीचा देऊ?" वहिनी म्हणाल्या.

मामांनी शेठकडे रोखून पाहिलं. "शेठ, खरं सांगा. मत कुणाला दिलंत?"

"छत्रीला!" शेठ म्हणाले. "वेडा आहे का मी? उभा मी, खर्च माझा आणि मत तुम्हाला देऊ? आमच्या घरातलं एकही मत तुम्हाला नाही." मग त्यांनी हळूच बायकोकडे पाहिलं. वहिनी पदर सावरत आत निघून गेल्या. शेठच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा मामांसारखा संशय पाहिला.

मामांनी चहा संपवला. बशीही संपवली. बाहेर आल्यावर म्हणाले, "अख्ख्या वॉर्डात एक माणूस म्हणाला की मी मत नाय दिलं. एक खरा गावला रं. आता चालवू."

मेंबरकी त्यांनी सोडली नाही. नळाचा पाइप आला, ठोकला. मोरीचा दगड आला, ठोकला. तात्या सहीसाठी कागद घेऊन आले तेव्हा मामांनी टेबल ठोकलं आणि कागद आधी शेठच्या दुकानात वाचायला नेला. मुदतभर असंच चाललं. हरलेला शेठ हा जिंकलेल्या मामांचा एकमेव सल्लागार, याचं गावाला कोडं होतं. तात्या म्हणत, दोघांचं आतून आधीपासूनच होतं. म्हणजे संशयाचा रोग मामांनी वॉर्डाला लावलाच.

माझ्या दुकानातला रोजचा चहा काही बदलला नाही. टिचकी, मान तिरकी, मग घोट. आता कारण ठाऊक झाल्यामुळे ती टिचकी मलाही लागू लागली. बायकोला मी सगळं सांगितलं होतं. तिने त्यानंतर कधी भांडी आपटली नाहीत, पण कप द्यायच्या आधी ती स्वतः आत टिचकी मारून बघायची. आम्हाला ऐकू यायची. मामांनाही येत असणार. तरी ते पुन्हा मारत.

मामी गेल्या आणि मामा थकले. त्यांचा मुलगाही रेल्वेतच, भुसावळकडे. तो न्यायला आला. गाडीच्या दिवशी सकाळी मामा दुकानात आले, बाक न ठोकता बसले. मी उगाच मशीनमध्ये तेल घालत राहिलो. बायकोने गडबडीत चहा आणून दिला. मामांनी कप उचलला आणि तोंडाला लावला.

मी तेलाची बुधली खाली ठेवली. बायको दारातच थांबली. मामा घोट घोट चहा पीत होते. मध्येच कप उचलून त्यांनी बूड बशीच्या कडेला निपटलं, पुन्हा घोट घेतला. शेवटचा घोट झाल्यावर कप खाली ठेवला आणि बायकोकडे बघून म्हणाले, "फिट हाय, पोरी."

मग मुलाच्या खांद्यावर हात ठेवून ते स्टेशनकडे गेले. भुसावळला एक उन्हाळा काढला त्यांनी. मग मामा वारल्याचं मुलाचं पत्र आलं, ते घेऊन मी आधी शेठच्या दुकानात गेलो.

त्या सकाळी मामा स्टेशनकडे निघाल्यावर बायको कपबशी उचलायला आली. बशीत चहाचं तळं साचलं होतं. तिने कपाला टिचकी मारली. बद्द. कानाजवळून बुडापर्यंत केसाएवढा तडा होता. आम्हाला माहीत नव्हता. मामांना कळला नसेल, यावर माझा विश्वास नाही. ज्या माणसाने चालत्या जगाची चाकं ठोकली, त्याला बशीत गळणारा चहा दिसला नसेल? बायको तिथेच खाली बसून रडली.

तो कप तिने फेकू दिला नाही. आमच्या घरात तो मला असतो. थोडा गळतो, बशी धरावी लागते.